पंतांची अर्धी गोष्ट

नाताळच्या सुट्टीतली एक संध्याकाळ होती. आमच्या डॉक्टरांच्या ओट्यावर आम्ही दोघे बसलो होतो. जव्हारात आता बॅटरीवर चालणारे दोन-चार रेडिओ आले आहेत, त्यांतला एक डॉक्टरांकडे आहे. त्यावर कोणी विलायती गृहस्थ संथ, किंचित घोगऱ्या आवाजात त्यांच्या सणाची एक जुनी गोष्ट वाचून दाखवीत होता. एक लांबलचक वाक्य संपवून तो श्वास घेण्यासाठी थांबला आणि माझ्या तोंडून नकळत "हं" असा आवाज निघाला. डॉक्टर हसले. "कोणाला होकार देता, गुरुजी?" असे त्यांनी विचारले. मी ओशाळून कप तोंडाला लावला. उत्तर द्यायचे तर काशिनाथपंतांविषयी सांगावे लागले असते, आणि पंतांविषयी चहाचा कप हातात धरून बोलणे मला जमत नाही. म्हणून लिहितो आहे.

पंत संस्थानच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते. मी त्यांचा कनिष्ठ सहकारी होतो आणि शेजारीही. ठेंगणी मूर्ती, खांद्यांवर विटलेला काळा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि बाराही महिने काखेत छत्री. जव्हारच्या हवेत छत्री लागतेच, पण पंत ती उन्हातही उघडीत नसत. कोणी विचारले तर म्हणत, "ती मी पावसासाठी घेतली आहे."

त्यांच्या बोलण्यात 'बहुतेक', 'असेल', 'वाटते' हे शब्द नव्हते. ठाऊक असेल तर सांगत. नसेल तर "मला ठाऊक नाही" एवढे म्हणून गप्प बसत. शिरपामाळावर फिरायला जाणे हा त्यांचा नेम होता. तिथे परगावचे पाहुणे भेटले की त्यांना ती जागा पाहून भरून येई आणि शिवछत्रपतींचा मुक्काम नेमका कोठे पडला होता असे ते पंतांना विचारीत. सोबतचा वाटाड्या हौसेने एखादा खडक दाखवी. पंत हात जोडून त्या सबंध माळाला नमस्कार करीत आणि म्हणत, "मुक्काम झाला होता. कोणत्या खडकाजवळ ते मी पाहिले नाही." वाटाड्याचा चेहरा पडे. त्याची बिदागी बुडू नये म्हणून पाहुणे पुढे गेल्यावर पंत आपल्या खिशातून त्याला काहीतरी देत, पण खडकाविषयीचे वाक्य मागे घेत नसत.

एकदा शाळा तपासायला वरिष्ठ येणार होते. हजेरी भरलेली दिसावी म्हणून आसपासच्या पाड्यांवरची मुले धुऊन-पुसून बाकांवर आणून बसवली होती. तपासनीसांनी पंतांच्या वर्गातल्या एका मुलाला प्रश्न विचारला. तो घाबरून रडू लागला. तेव्हा पंत शांतपणे म्हणाले, "त्याला रागावू नका. तो आजच आला आहे आणि उद्या येणार नाही." त्या वर्षी त्यांची बढती राहिली. हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पंतांना मात्र कोणी आपल्याशी बोलत नाही हे बऱ्याच उशिरा लक्षात आले असावे.

तरुणपणी मला त्यांच्या या खरेपणाचा फार अभिमान वाटे. आता माझी पन्नाशी उलटली आहे, आणि मागे वळून पाहताना माणसाचे खरे बोलणेसुद्धा नेहमी निर्मळ असतेच असे मला वाटत नाही. कधी कधी आपण खरे बोलतो ते दार लावून घेण्यासाठी. हे मी पंतांना दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. माझ्या घरालाही दारे आहेत.

पंतांची पत्नी लवकर गेली. मुलगी एकच, यमू. ती लग्न होऊन सासरी गेली न गेली तोच तिचे कपाळ पांढरे झाले. पंत स्वतः जाऊन तिला परत घेऊन आले. तिचे केस त्यांनी उतरवू दिले नाहीत. गावात कुजबुज झाली, काही घरांनी त्यांना पंगतीला बोलावणे सोडले. पंतांनी तिला इंग्रजी शिकवायला घेतले. संध्याकाळी शिरपामाळाच्या वाटेवर बाप-लेक दोघे धडे म्हणत जाताना दिसत. घरात तिसरे माणूस म्हणजे बुधी.

बुधी दाभोशाकडच्या पाड्यावरची. नवरा गेल्यावर जव्हारात मोलमजुरीला आली ती पंतांच्या घरी टिकली. पाणी भरणे, सरपण, झाडलोट सगळे ती करी. यमूलाही तिनेच कडेवर वाढवले होते. ती पंतांना "मास्तर" म्हणे आणि पंत तिला "बुधीबाई" म्हणत. सगळ्या गावात तिला बाई म्हणणारे तेवढे एकच होते, आणि पंतांना तोंडावर बोलणारीही तेवढी एकच. पंतांनी आमटी अळणी आहे असे म्हटले की ती म्हणे, "खरं बोलता, मास्तर. मग खरंच जेवा."

पुढे यमू चुलतभावाच्या मुंजीला म्हणून पुण्याला गेली आणि तिथे सुधारक मंडळींच्या साक्षीने एका शिक्षकाशी तिने पुनर्विवाह केला. पंतांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळले. सांत्वनाला आलेल्यांपैकी काही जण मनातून खूश होते, काही खरोखर दुःखी. पंतांनी सगळ्यांना एकच उत्तर दिले, "लग्न केले याचे मला वाईट वाटत नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले नसते. मुंजीला जाते म्हणाली, याचे वाटते."

दोन-तीन वर्षांनी, हिवाळ्यात, जकातनाक्यावरचा शिपाई धापा टाकीत शाळेत आला. नाशिककडून एक टांगा आला होता. त्यात यमू होती, कडेवर लहान मूल होते. बापाचा स्वभाव तिला माहीत होता, दारावर न येता ती नाक्यावरच थांबली होती आणि "येऊ का?" एवढेच तिने विचारायला पाठवले होते. मी पलीकडच्या वर्गात होतो. मधल्या तट्ट्यातून सगळे ऐकू आले. पंतांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तिला विचारा, मुंज आटोपली का."

शिपायाला त्यातले काही समजले नाही. पण निरोप त्याने जसाच्या तसा पोचवला. टांगा फिरला. तट्ट्यापलीकडे पंतांनी अर्धवट राहिलेले क्रियापद पुन्हा पहिल्यापासून चालवायला घेतले. बुधीला हे संध्याकाळी कळले. ती भांडली नाही. त्या दिवसापासून तिने पंतांच्या ताटात मीठ वाढणे बंद केले. मिठाचे भांडे ती समोर ठेवी आणि हवे तेवढे त्यांनी आपल्या हाताने घ्यावे.

त्यानंतर थोड्याच काळात पंतांची नजर जाऊ लागली. काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली. पुस्तक आधी नाकाशी आले, मग मिटून मांडीवर राहिले. शाळेची नोकरी सुटली. ज्या माणसाने आयुष्यभर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याच्या हातून छापलेला शब्दच काढून घेतला गेला. मी अधूनमधून वाचून दाखवी, पण माझे उच्चार त्यांना सोसत नसत. प्रत्येक ओळीला ते मला थांबवीत आणि आम्ही दोघेही दमून जात.

अशा वेळी ते यंत्र घरात आले. संस्थानात रस्त्याचे काम पाहायला आलेला एक गोरा इंजिनीअर पंतांकडे मराठी शिकत असे. विलायतेत लढाई सुरू झाली तसा तो परत निघाला आणि जाताना आपला ग्रामोफोन त्याने पंतांना भेट दिला. त्याबरोबर गाण्यांच्या काही तबकड्या होत्या आणि एक संच निराळा होता: नाताळची एक जुनी इंग्रजी गोष्ट, कोणा नटाने सबंध वाचलेली, चार तबकड्यांवर. सामान मोखाड्याच्या मुक्कामावरून बैलगाडीने आले. घाटात गाडी कलंडली. पेटी उघडली तेव्हा चौथी तबकडी दुभंगलेली होती.

पहिली तबकडी लागली तो दिवस मला आठवतो. दुपारची वेळ होती. मी चावी दिली, सुई टेकवली, आणि कर्ण्यातून खरखरीमागून माणसाचा आवाज आला. पंतांचा हात गुडघ्यावरून हळूच उठला आणि हवेतच राहिला. कितीतरी महिन्यांत त्यांना कोणी शुद्ध उच्चारांत काही वाचून दाखवले नव्हते.

बुधी दारातून ओरडली, "दिवसाची गोठ नको लावू मास्तर! मामा वाट चुकंल." दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असा आमच्याकडे पाड्यांवर समज आहे. पंत म्हणाले, "गोष्ट साहेबाची आहे, बुधीबाई. चुकलाच तर साहेबाचा मामा चुकेल." "तो का कोणाचा भाऊ नाय?" असे म्हणून तिने सुई उचलायला लावली. तेव्हापासून गोष्ट दिवेलागणीला लागू लागली.

गोष्ट अशी होती. डोंगरातल्या एका खिंडीत रस्त्यावर अडसर आहे आणि त्याचा एक रखवालदार आहे. सूर्य मावळला की अडसर लावून साखळी घालायची, मग कोणालाही सोडायचे नाही, असा त्याला हुकूम आहे. नाताळची संध्याकाळ असते, बर्फ पडत असते. कडेवर मूल घेतलेली एक बाई येते आणि सोड म्हणते. सूर्य नुकताच मावळलेला असतो. रखवालदार वाईट माणूस नसतो, नेमाचा असतो. तो नाही म्हणतो, झोपडीत जातो, जेवायला बसतो. खालच्या गावातून देवळाच्या घंटा ऐकू येतात. त्याला घास गिळवत नाही. तो कंदील घेतो, बाहेर येतो, साखळीला हात लावतो. इथे तिसरी तबकडी संपे.

प्रत्येक बाजू झाली की पंत सुई उचलून बुधीला मराठीतून सांगत. अडसर म्हणजे काय ते तिला सांगावे लागले नाही. "नाकेदार" असे तिने पहिल्याच दिवशी त्या माणसाचे नाव ठेवून टाकले. बर्फाने मात्र अडचण केली. पंतांनी फुटलेल्या सावरीच्या बोंडाची उपमा दिली, पिठाची दिली. शेवटी तिने आपल्या मनाशी ठरवले की तो तिकडचा धुका, तो जड असल्यामुळे खाली बसतो.

पाड्यांवरच्या रिवाजाप्रमाणे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. सांगणारा थांबला की "हं" म्हणायचे. हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याने पुढे जायचे नाही. बुधी पंतांच्या मराठीला हुंकार देई आणि त्या यंत्रातल्या इंग्रजीलाही. पंत पहिल्या दिवशी वैतागले.

"अहो, त्याला ऐकू येत नाही."

"मग तो बोलतो कोणाशी?"

ठाऊक नसलेल्या गोष्टीवर पंत वाद घालीत नसत. हळूहळू त्यांना त्या हुंकाराची सवय झाली. नट श्वास घ्यायला थांबला आणि बुधी सरपणाच्या मागे असली तर पंत मान वळवून तिकडे कान देत.

पण तिसरी तबकडी संपली की बुधी विचारी, "मग?" पंत सांगत, मला ठाऊक नाही. मुंबईच्या दुकानाला विचारले होते. लढाईमुळे माल येत नव्हता. पहिले काही दिवस तिने ऐकून घेतले. मग तिने स्पष्ट सांगितले की अर्धी गोठ घरात ठेवायची नसते. ती घरभर हिंडते, कोणाला सुखाने बसू देत नाही. एक तर पुरी करा, नाहीतर ती पेटी रानात नेऊन ठेवा.

"शेवट मनाचा सांगा की."

"मनाचा म्हणजे खोटा."

"गोठ खोटीच असते मास्तर. गोठीला खोटं कोण म्हणतो?"

पंत बधले नाहीत. तेव्हा बुधी दिवेलागणीच्या आतच काम आटोपून आपल्या झोपडीकडे जाऊ लागली. पंत एकटेच तबकड्या लावीत. कुडापलीकडून मला ऐकू येई. नट थांबे, आणि ओट्यावर एक पोकळी पडे. एकदोनदा तर अशा जागी पंतांनी सुई उचलून धरली आणि वाट पाहिली. मग तिसरी तबकडी संपे आणि सुई नुसती घासत राही, बराच वेळ. मला तेव्हा कळले नाही की त्या माणसाला साखळीला हात लावलेला तो रखवालदार रोज ऐकावा लागत होता आणि त्याच्यापुढे रोज तीच खरखर. कळले असते तरी मी काय केले असते, हे मात्र मी आज खात्रीने सांगू शकत नाही.

नाताळ जवळ आला होता. एका संध्याकाळी पंतांनी आम्हा दोघांना बोलावले. बुधी उंबऱ्याबाहेरच बसली. पंत म्हणाले, "बुधीबाई, आज शेवट सांगतो. तो माझा आहे, साहेबाचा नाही. हे आधी सांगून ठेवतो."

तिसरी तबकडी संपली. पंतांनी चाचपत सुई बाजूला केली. हात मांडीवर ठेवून, वर्गात कविता म्हणून दाखवावी तसे ते ताठ बसले.

"त्याने साखळी काढली."

"हं."

"अडसर वर केला."

"हं."

"कंदील उंच धरून पाहिले. तिथे कोणी नव्हते. पावले उमटली होती, तीही बर्फाने बुजत आली होती. त्याला उशीर झाला होता."

हुंकार आला नाही.

पंत थांबले. मी बुधीकडे पाहिले. ती जमिनीकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. पंतांना दिसत नव्हते. त्यांनी मान तिच्या बाजूला वळवली. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, शेजारच्या घरात समई लागली, तरी ती बोलेना. शेवटी पंतच म्हणाले, "संपली गोष्ट."

"नाय संपली," बुधी म्हणाली. "बाई गेली तर गेली. त्याला पाय हायेत ना?"

पंतांनी चष्मा काढला. त्या चष्म्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता, सवयीने लावीत. तो उपरण्याच्या टोकाने ते पुसत राहिले. माझी नजर मी खाली वळवली. कोणाचा चेहरा असा उघडा पडलेला पाहण्याचा मला अधिकार नव्हता.

"आहेत," ते म्हणाले.

"हं."

"मग तो... अडसर तसाच वर ठेवून उतरणीला लागला."

"हं. मग?"

"पुढचे तिथे गेल्याशिवाय मला कसे ठाऊक असणार, बुधीबाई?"

ती उठली, पदर झटकला आणि आत जाऊन तिने चूल पेटवली. त्या रात्री पंतांच्या ताटात मीठ वाढलेले होते, हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

दोनच दिवसांत मोखाडा-त्र्यंबकच्या वाटेने नाशिकला जाणारी एक गाडी ठरली. पुढे आगगाडीने पुणे. पंतांना वाटेत कोण सांभाळणार, याची चर्चा मी त्यांच्याशी करीत होतो, तोवर बुधी नाचणीच्या भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन गाडीत बसलीसुद्धा. त्र्यंबकच्या पलीकडे ती जन्मात गेली नव्हती.

पंत पुन्हा जव्हारला आले नाहीत. शिमग्यानंतर बुधी एकटी परतली. तिकडे काय झाले ते मी विचारले तेव्हा तिने मला दिवेलागणीपर्यंत थांबवले आणि हुंकार देईन असे कबूल करून घेतले. मग तिने सांगितले, ते सगळे गोष्टीसारखेच: जड धुका, लांबचा रस्ता, दार. यमूने दार उघडले. पंत काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "मुंज आटोपली असेल, तर आत येऊ का, असे विचारायला आलो आहे."  यमूने बापाच्या हातातली काठी घेतली आणि आत नेऊन कोपऱ्यात उभी करून ठेवली. एवढे सांगून बुधी थांबली. मी "हं" म्हणालो. ती म्हणाली, "आता संपली." दाभोशाच्या पाड्यावर ती नाकेदाराची गोठ पुढे कितीतरी वर्षे सांगत असे.

पण मी काही हे डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि पंतांनी लावलेल्या सवयीने मला ते सांगून टाकणे भाग आहे. मी पाहिलेले पंत नाक्यापर्यंतचेच आहेत. सकाळची वेळ होती, धुके इतके होते की पुढच्या बैलाची शिंगे दिसत नव्हती. त्यांनी गाडीत बसायचे नाकारले. नाका पायीच ओलांडीन म्हणाले. मी एका बाजूने दंड धरला होता. काखेत छत्री होती. शिपाई तोच होता. त्याने पंतांना ओळखले, लगबगीने पुढे झाला आणि अडसराच्या बांबूची दोरी सोडली. बांबू करकरत वर गेला.

पंत थबकले. "केशवराव," त्यांनी विचारले, "वर आहे?"

"वर आहे," मी म्हणालो. "रस्ता मोकळा आहे."

"हं," पंत म्हणाले, आणि माझ्या हातातून दंड सोडवून घेऊन उतरणीला लागले.